कारागिराची हत्यारे चोरीला जातात तेव्हा: आधीची तयारी, फिर्याद आणि ताबा

चोरीला गेलेली हत्यारे परत मिळत नाहीत, याचे कारण दर वेळी चोर सापडत नाही हेच असते असे नाही. कित्येकदा चोर सापडतो, जप्त केलेली ग्राइंडर, ड्रिल आणि कटर मशीन ठाण्यातल्या टेबलावर मांडली जातात, आणि बोलावून घेतलेला सुतार किंवा फॅब्रिकेटर त्यांतल्या एकीकडे बोट दाखवून "ही माझीच" यापलीकडे काही सांगू शकत नाही. त्याच कंपनीची, त्याच रंगाची, तितकीच झिजलेली मशीन साताऱ्यापासून मिरजेपर्यंत प्रत्येक साइटवर असतात. म्हणून पुढच्या टप्प्यांपैकी पहिले तीन चोरी होण्याआधीचे आहेत. चोरी आजच झाली असेल तर थेट टप्पा ४ वाचावा आणि बाकीचे नंतर.

टप्पा १: हत्यारांची यादी

एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक विजेच्या मशीनला तिच्यात अर्धे पान द्यावे. त्यात मशीनचा प्रकार, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, दुकान, बिलाचा क्रमांक आणि दिलेली किंमत एवढे लिहावे. मॉडेल आणि सिरियल नंबर यांत गल्लत करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. मॉडेल नंबर हजारो मशीनवर एकच असतो, तर सिरियल नंबर त्या एका मशीनचा असतो. बहुतेक मशीनवर दोन्ही एकाच पट्टीवर शेजारी छापलेले असतात आणि घाईत मोठ्या अक्षरांतला मॉडेल नंबरच उतरवला जातो. बॅटरीवर चालणाऱ्या मशीनमध्ये बॅटरी आणि चार्जर यांवर वेगळा नंबर असल्यास तोही घ्यावा, कारण चोरीनंतर हे तिन्ही भाग वेगवेगळे विकले जातात.

प्रत्येक मशीनचे तीन फोटो काढावेत: संपूर्ण मशीन, नंबराची पट्टी जवळून, आणि त्या मशीनची स्वतःची काही खोड असेल तर ती. तुटून चिकटवलेले हँडल, बदललेली वायर, वेल्डिंगचे शिंतोडे उडून पडलेला डाग, गार्डवरचा पोचा, या गोष्टी ओळख पटवताना कित्येकदा नंबरापेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण नंबराची पट्टी चोर खरवडून काढतो पण जुन्या पोच्याकडे त्याचे लक्ष नसते. फोटो फक्त मोबाइलमध्ये ठेवू नयेत. मोबाइल बहुतेक वेळा हत्यारांच्याच पिशवीत असतो आणि तिच्याबरोबरच जातो. ते घरच्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवावेत आणि वहीही घरीच ठेवावी.

थापी, ओळंबा, रंधा, पटाशी, पाने, पकडी यांची नोंद नगाने करणे कोणालाच जमत नाही. ती सगळी एकदा सतरंजीवर पसरून एकच फोटो काढावा, नग मोजून लिहावेत आणि दर सहा महिन्यांनी हेच पुन्हा करावे.

बिलाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. बिल न घेतल्याने वाचणारे पैसे चोरीच्या दिवशी महाग पडतात. बिल पक्के घ्यावे, स्वतःच्या नावावर घ्यावे आणि दुकानदाराला त्यावर सिरियल नंबर लिहायला सांगावे. दुकानदार सहसा नाही म्हणत नाही, आपणच मागत नाही. जुने बिल हरवले असेल तर दुकानात जाऊन त्याची प्रत मागावी. जीएसटी कायद्यानुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वीच्या खरेदीची प्रत मिळू शकते. ऑनलाइन वॉरंटी नोंदणीची पावती, दुरुस्तीच्या दुकानाची नंबर लिहिलेली पावती आणि पैसे दिल्याची यूपीआय नोंद हेही पुरावेच आहेत. पीएम विश्वकर्मा योजनेतून १५,००० रुपयांपर्यंतच्या ई-व्हाउचरवर अवजारांचा संच घेतलेल्यांनी त्याची कागदपत्रे याच वहीत लावून ठेवावीत.

*तपासणी:* वही मिटून, फक्त फोटो पाहून, अनोळखी माणसाला तुमचे मशीन दहा मशीनमधून वेगळे काढता येईल का, हे एकदा घरातल्या कोणाकडून करवून पाहावे.

टप्पा २: खूण

मार्करने नाव लिहिणे म्हणजे खूण नव्हे. ते पहिल्या पावसात फिके होते आणि उरलेले थिनरच्या एका बोळ्याने निघते. लोखंडी हत्यारांवर अक्षर-पंचने ठोकावे. मशीनच्या प्लॅस्टिक बॉडीवर सोल्डरिंगच्या गरम टोकाने कोरावे किंवा एनग्रेव्हरने खोदावे. गिअरच्या डोक्यावर, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ओतीव भागावर, पंच मारू नये. त्याला तडा जातो किंवा आतल्या बेअरिंगची बैठक बिघडते. एक चांगले ग्राइंडर मी स्वतः असेच वाया घालवले आहे.

खूण दोन ठिकाणी असावी. एक दिसणारी, जेणेकरून विकत घेणारा बिचकेल. दुसरी लपलेली: कार्बन ब्रशच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, बॅटरीच्या खाचेत किंवा हँडल ज्या आट्यांत बसते तिथे. लपलेल्या खुणेची जागा वहीत लिहावी आणि कामगारांना सांगू नये.

काय कोरावे याबद्दल मतभेद आहेत. आपल्याकडे पुष्कळ जण गाडीचा नंबर घालतात, एमएच ११ किंवा एमएच १० पासून सुरू होणारा. तो पटकन ओळखू येतो आणि मालकी कागदावर दाखवता येते. परंतु गाडी विकली की ती खूण दुसऱ्याच्या नावाची होते. नावाची आद्याक्षरे, गावाचे नाव आणि वहीतला अनुक्रमांक हे अधिक टिकाऊ आहे असे माझे मत आहे.

टप्पा ३: कुलूप नव्हे, कोयंडा

साइटवरच्या पत्र्याच्या खोलीला लोक आठशे रुपयांचे कुलूप लावतात आणि ते वीस रुपयांच्या कोयंड्यात अडकवतात. चोर कुलपाला हात लावत नाही. तो कोयंड्याचे स्क्रू काढतो, नाहीतर पहारीने कोयंडाच उचकटतो. म्हणून कोयंडा आरपार बोल्टने बसवावा, आतून जाड पट्टी द्यावी, नट आतल्या बाजूला ठेवावा आणि आट्यांचे टोक ठोकून बुजवावे किंवा वेल्डिंगचा टाका मारावा. बिजागऱ्यांच्या खिळ्यांनाही टाका मारावा. पत्रे बाहेरून स्क्रूने बसवलेले असतील तर दाराचा उपयोगच उरत नाही, कारण एका पान्याने पत्रा सुटतो. निदान खालच्या दोन ओळींना रिव्हेट मारावेत.

रोजच्या वापरातली महागडी मशीन संध्याकाळी घरी न्यावीत. जी नेता येत नाहीत, उदाहरणार्थ वेल्डिंग मशीन किंवा मिक्सरची मोटर, ती लोखंडी पेटीत घालून पेटी स्लॅबला अँकर फास्टनरने बांधावी. तांब्याची वेल्डिंग केबल मात्र न चुकता घरी न्यावी. तिच्यावर नंबर नसतो, ती जाळून तांबे म्हणून वजनावर जाते आणि परत मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते. पिकअपमध्ये माल ठेवावाच लागला तर गाडी मागचा भाग भिंतीला लावून उभी करावी.

*इशारा:* दिवाळी, गणपती, आणि मांढरदेवी किंवा पालीच्या खंडोबाची यात्रा या काळात साइट ओस पडतात आणि वॉचमनही गावी जातो. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी साइट रिकामी करावी.

टप्पा ४: चोरी लक्षात आल्यापासूनचा पहिला तास

इथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिली स्वाभाविक चूक म्हणजे आत शिरून काय काय गेले ते धुंडाळणे. तुटलेला कोयंडा, जमिनीवर पडलेले कुलूप, पहार यांना हात लावू नये आणि कामगारांनाही आत जाऊ देऊ नये. बाहेरूनच फोटो आणि व्हिडिओ काढावा, मग ११२ वर फोन करावा. पोलीस येईपर्यंत वहीवरून गेलेल्या मालाची कच्ची यादी करावी.

त्याच तासात आजूबाजूच्या दुकानांचे आणि घरांचे कॅमेरे पाहून ठेवावेत. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसून त्यावर नवे चढते, म्हणून मालकाला ते जपून ठेवण्याची विनंती लगेच करावी आणि कॅमेऱ्यांची ठिकाणे तपास अधिकाऱ्याला लिहून द्यावीत. कॅमेऱ्यावर दिसणारी वेळ आणि आपल्या मोबाइलची वेळ यांतला फरक टिपून ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांची चूक नेहमीची आहे आणि तीमुळे भलत्याच माणसावर संशय जातो. मोबाइलवर त्या पडद्याचे केलेले चित्रण शोधाला उपयोगी पडते, पण न्यायालयासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्रासह मूळ नोंद लागते, आणि ते काम पोलिसांचे आहे.

*इशारा:* कामावरच्या एखाद्या पोरावर संशय असला तरी त्याला कोंडून ठेवणे, मारणे किंवा त्याचा पगार अडवून कबुली घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. असे केल्यावर फिर्यादी आरोपी होतो आणि मूळ चोरी बाजूला पडते. संशय असल्यास तो कारणासह जबाबात नोंदवावा.

टप्पा ५: फिर्याद

याच टप्प्यावर सर्वाधिक गोष्टी बिघडतात, म्हणून तो सावकाश वाचावा.

पहिला प्रश्न ठाण्याचा. चोरी जिथे झाली तिथले ठाणे, राहत्या घराजवळचे नव्हे. साताऱ्यात शहर, शाहूपुरी आणि तालुका अशी वेगवेगळी ठाणी आहेत. सांगलीत शहर, विश्रामबाग, संजयनगर, ग्रामीण आणि कुपवाड एमआयडीसी यांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत. हद्द कळत नसेल तर जवळच्या ठाण्यात जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि नंतर ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. रेल्वेत पिशवी गेली असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जावे. त्यांचे ठाणे मिरजेत आहे.

दुसरा प्रश्न शब्दांचा. अर्जात "गहाळ झाले", "हरवले", "मिळून येत नाही" असे लिहू नये. हरवल्याची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, आणि विमा कंपनीही ती चोरी म्हणून स्वीकारत नाही. "अज्ञात चोरट्याने लबाडीने चोरून नेले" असे स्पष्ट लिहावे. आणखी एक बारीक बाब: आपण रोजच्या बोलण्यात ज्याला हत्यार म्हणतो त्याला ठाण्याच्या कागदात वेगळा अर्थ आहे. तिथे हत्यार म्हणजे कोयता किंवा तलवार. "माझी सर्व हत्यारे खोलीत होती" हे वाक्य जबाबात आले की नको ते प्रश्न विचारले जातात. तिथे "कामाची अवजारे" किंवा मशीनचे नावच लिहावे.

तिसरा प्रश्न किमतीचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ खाली येते. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर साधी चोरी अदखलपात्र ठरते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पुष्कळ कारागीर "जुनेच होते, दोन-तीन हजारांचे असेल" असे बोलून जातात आणि आपल्याच तोंडाने प्रकरण बंद करतात. किंमत फुगवायची नाही, पण पूर्ण सांगायची: मशीन, बॅटऱ्या, चार्जर, डाय सेट, केबल, हातअवजारांचा संच आणि पेटी यांची आजची वाजवी किंमत एकत्र करून, प्रत्येकाची खरेदीकिंमतही शेजारी लिहून.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चोरी कुठून झाली. माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतून, किंवा मालवाहू गाडीतून झालेली चोरी कलम ३०५ मध्ये बसते. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती दखलपात्र आहे. कुलूप किंवा कोयंडा तोडून आत शिरले असेल तर घरफोडीचे कलम ३३१ लागते. कोणते कलम लावायचे ते पोलीस ठरवतात, परंतु "बंद खोलीचा कोयंडा तोडून" हे शब्द आपल्या जबाबात नसतील तर ते कलम येणार कुठून? कामावर ठेवलेल्या नोकराने नेले असेल तर त्यासाठी कलम ३०६ वेगळे आहे.

चौथा प्रश्न वेळेचा. "काल रात्री चोरी झाली" असे न लिहिता, शेवटचे कोणी व केव्हा कुलूप लावले आणि सकाळी कोणी व केव्हा पाहिले हे लिहावे, म्हणजे चोरीचा कालावधी ठरतो. आणि फिर्यादी कोण, हेही आधी ठरवावे. मशीन ठेकेदाराचे असेल तर ठेकेदार, मिस्त्रीचे स्वतःचे असेल तर मिस्त्री. बिल एकाच्या नावावर आणि फिर्याद दुसऱ्याच्या, असे झाले की ताबा मागताना अडते.

जबाब लिहून झाल्यावर तो वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. सिरियल नंबर अंक लावून तपासावेत; शून्य आणि "ओ", एक आणि "आय" यांची अदलाबदल हमखास होते. पहिल्या खबरेची (एफआयआरची) प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती त्याच दिवशी घ्यावी. नंतर आणखी वस्तू गेल्याचे लक्षात आले तर पुरवणी जबाब द्यावा.

ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती देता येते, पण तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही केली तरच ती नोंदीवर घेतली जाते. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा पोलिसांना आहे, त्यामुळे साध्या चोरीत लगेच गुन्हा दाखल झाला नाही म्हणून वाद घालण्याऐवजी "चौकशी सुरू आहे का, कोणाकडे आहे" हे विचारावे. नोंद घेण्यास नकारच मिळाला तर तीच माहिती लेखी स्वरूपात टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. टपालाची पोच जपून ठेवावी.

*तपासणी:* ठाण्यातून बाहेर पडताना हातात गुन्हा रजिस्टर क्रमांक, लावलेले कलम आणि तपास अधिकाऱ्याचे नाव असावे. केवळ अर्जाच्या प्रतीवर मारलेला आवकचा शिक्का म्हणजे गुन्हा दाखल होणे नव्हे.

पेटीबरोबर मोबाइल गेला असेल तर फिर्यादीत त्याचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक मोबाइलचा स्वतःचा ओळख क्रमांक) घालावा आणि सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरील सीईआयआर या चोरीचे मोबाइल बंद करण्याच्या सुविधेतून तो मोबाइल बंद करावा.

टप्पा ६: शोध

मशीनचे नंबर आणि फोटो दुरुस्तीच्या दुकानांना द्यावेत. भंगारवाल्यांकडे सगळे जातात, दुरुस्तीवाल्याकडे कोणी जात नाही. वास्तविक चोरीचे चालू मशीन भंगारात क्वचितच जाते. ते कोणीतरी स्वस्तात घेतो आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) जळले की महिन्या-दोन महिन्यांत दुरुस्तीला आणतो. फक्त आपल्या गावात नव्हे, पुढच्या मोठ्या गावातही चौकशी करावी: साताऱ्याचा माल कराडला आणि सांगलीचा जयसिंगपूर-कोल्हापूरकडे पाहावा.

फोटो प्रसिद्ध करताना दिसणारी खूण द्यावी, लपलेली देऊ नये. मशीन कोणाकडे दिसले तर हिसकावून घेऊ नये, विकतही घेऊ नये. तपास अधिकाऱ्याला कळवून पंचनाम्यानेच जप्त करवावे. स्वतः उचलून आणलेल्या मशीनचा पुरावा म्हणून उपयोग संपतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसे मानण्यास कारण असून तो घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हेच कलम आपल्यालाही लागू आहे. जुने मशीन घेताना विकणाऱ्याचे नाव, पत्ता, सही आणि मशीनचा नंबर असलेली पावती लिहून घ्यावी.

तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. महिन्यातून एकदा ठाण्यात जाऊन नम्रपणे विचारणे पुरेसे आहे.

टप्पा ७: ओळख आणि ताबा

माल मिळाल्याचे कळताच वही, बिले आणि फोटो घेऊन जावे. टेबलावरचे मशीन हातात घेण्याआधी लपलेली खूण कुठे आहे ते सांगावे आणि मग झाकण उघडून दाखवावे. नेमका इथेच टप्पा २ कामी येतो. खात्री नसलेल्या मशीनवर हक्क सांगू नये, कारण एक चुकीचा दावा बाकीच्यांनाही संशयास्पद करतो.

ओळख पटली म्हणून ठाण्यातून माल तिथल्या तिथे मिळत नाही. न्यायालयात मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो, पोलिसांचे म्हणणे मागवले जाते आणि बंधपत्र (अटी पाळण्याची लेखी हमी) लिहून दिल्यावर ताबा मिळतो. खटला संपेपर्यंत थांबावे लागेल असे समजून पुष्कळ जण अर्जच करत नाहीत आणि मशीन ठाण्याच्या आवारात गंजते. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे की, फोटो व पंचनामा करून असा माल मालकाला लवकर परत द्यावा आणि तो ठाण्यात दीर्घकाळ पडू देऊ नये. अर्जाला वकील असलेला बरा, पण त्याची फी मशीनच्या किमतीशी ताडून पाहावी. चार हजारांच्या ड्रिलसाठी तेवढीच फी देण्यात अर्थ नाही.

*इशारा:* ताब्यात मिळालेले मशीन वापरता येते, परंतु बंधपत्रातल्या अटींनुसार ते विकता येत नाही, त्याचे रूप बदलता येत नाही आणि न्यायालयाने सांगितल्यावर हजर करावे लागते. दुरुस्तीत बॉडी बदलू नये.

टप्पा ८: विमा असेल तर

गाडीच्या विम्यात गाडीतली अवजारे सहसा धरलेली नसतात, हे आधी समजून घ्यावे. दुकानाच्या किंवा वर्कशॉपच्या घरफोडी विम्यात बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा लागतात, त्यामुळे उघड्या दारातून गेलेल्या मशीनचा दावा बहुधा नाकारला जातो. टप्पा ४ मधले तुटलेल्या कोयंड्याचे फोटो इथे पुन्हा लागतात. साइटवरचा माल पॉलिसीत येतो की फक्त वर्कशॉपच्या पत्त्यावरचा, हे विमा घेतानाच लेखी विचारावे. चोरी झाल्यावर कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि सर्वेक्षक येईपर्यंत कोयंडा दुरुस्त करावा लागला तर जुना जपून ठेवावा.

दावा मंजूर होण्यासाठी कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते. गुन्हा खरा पण तपास न लागलेला असल्यास महाराष्ट्रात त्याला "अ" समरी म्हणतात. ती न्यायालयाकडून मंजूर झाल्यावर तिची प्रमाणित प्रत काढून कंपनीकडे द्यावी. ठाण्यातून मिळालेली साधी झेरॉक्स परत येते. पैसे मिळाल्यानंतर मशीन सापडले तर ते कंपनीला कळवावे लागते, कारण भरपाई दिलेल्या मालावरचा हक्क तोपर्यंत कंपनीकडे गेलेला असतो.